रॉटवायलर पाहुण्यांवर धावून जातो, सुधारतो, आणि महिन्याभरात पुन्हा तेच: नेमकं बिघडतं कुठे?

तक्रार बहुतेक घरांत एकाच क्रमाने पुढे येते. पिल्लू वर्षभर सगळ्यांचं लाडकं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात लोळतं. १४-१५ महिन्यांचं झालं की बेल वाजल्यावर त्याचा आवाज जाड होऊ लागतो. दोन वर्षांच्या आसपास एके दिवशी ते पाहुण्याच्या अंगावर जातं. मग प्रशिक्षक येतो, तीन आठवडे चांगला फरक दिसतो, घरातले निर्धास्त होतात. आणि चौथ्या आठवड्यात कुणीतरी दारात उभं राहतं आणि आधीपेक्षा जोरात तेच घडतं.

हे लेखन त्या चौथ्या आठवड्याबद्दल आहे. सुरुवात कशी करावी हे पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं असतं. सुधारलेला कुत्रा पुन्हा का घसरतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

इथली माहिती रॉटवायलरला धरून आहे, पण डॉबरमन, केन कोर्सो, बुलमास्टिफ पाळणाऱ्यांनाही बरीचशी लागू पडेल. कांगाल किंवा कॉकेशियन शेफर्डसारख्या कळप राखणाऱ्या जातींना ती जशीच्या तशी लावू नका. माणूस जवळ नसताना स्वतःच निर्णय घ्यावा यासाठीच त्या जाती घडवल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत अंतराचं सगळं गणितच वेगळं पडतं.

कुत्र्याने आधीच कुणाला रक्त निघेल असा चावा घेतला असेल, तर खालच्या पायऱ्या स्वतःच्या जोरावर सुरू करू नका. वर्तनाचं काम करणारा पशुवैद्य सोबत हवा. ज्याला चावा बसला त्याची जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असलं तरीही.

आज बेल वाजली तर

शिकवणं पुढे बघू. आजपुरतं एकच काम आहे: कुत्रा आणि दार यांच्यामध्ये काहीतरी पक्कं हवं. कुत्रा दुसऱ्या खोलीत, खोलीचं दार लावलेलं, आत चघळायला काहीतरी दिलेलं, आणि मगच मुख्य दाराची कडी काढायची. गळपट्टा हाताने धरून दार उघडण्याची सवय आजच बंद करा. ५० किलोचा नर दोन पायांवर उठला की एका हाताने थांबत नाही. शिवाय गळ्याला बसलेल्या ओढीमुळे तो आणखी पेटतो, आणि कधीकधी वळून धरणाऱ्याच्याच हाताला तोंड घालतो. धरणाऱ्यावर त्याचा राग असतो असं नाही. भडकलेल्या कुत्र्याच्या तोंडाला जे आधी लागेल तिथे दात बसतात.

प्रत्येक वेळी तो जिंकतो

पार्सल घेऊन माणूस येतो, कुत्रा भुंकतो, माणूस पार्सल ठेवून निघून जातो. माणूस तसाही जाणारच होता. कुत्र्याच्या हिशेबात मात्र त्याला आपण हाकललं. दिवसाला असे तीन प्रसंग धरले तर महिन्याला ९० वेळा तो जिंकला. तुमचा सराव आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला १२ वेळा. या दोन आकड्यांत कोण वरचढ ठरणार हे वेगळं सांगायला नको.

घसरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. पहिले तीन आठवडे घरातले सगळे काळजी घेतात. कुत्रा आत बांधलेला, दाराशी कुणीतरी हजर, फाटकापाशी मोकळं सोडणं बंद. कुत्रा शांत दिसू लागतो आणि एकेक बंदोबस्त सुटत जातो. वास्तविक तो शांत झालेला नसतो, त्याला फक्त संधी मिळालेली नसते. खिडकीतून रस्ता दिसत असेल किंवा कुंपणाच्या जाळीतून माणसं जाताना दिसत असतील, तर तिथेही दिवसभर हीच जिंकण्याची तालीम चालू असते. खिडकीच्या खालच्या निम्म्या भागाला दुधी फिल्म लावा. कुंपणाला किमान कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत आडोसा करा. या एका गोष्टीने दिवसातलं भुंकणं दिसण्याइतकं कमी होतं आणि शिकवण्याला जागा मिळते.

दुसरं कारण वयाचं. रॉटवायलर शरीराने दीड वर्षात मोठा दिसतो, पण डोक्याने पूर्ण मोठा व्हायला दोन-तीन वर्षं घेतो. अनोळखी माणसाकडे संशयाने बघणं याच काळात वर येतं. म्हणून "आमचा कुत्रा अचानक बदलला" असं वाटतं. तो अचानक बदललेला नसतो; आतापर्यंत त्या गोष्टीचं वय आलेलं नव्हतं. १० महिन्यांच्या पिल्लाबरोबर जमलेली पद्धत २६ महिन्यांच्या नराबरोबर पुन्हा पहिल्यापासून घोटावी लागते.

तिसरं कारण जातीच्या कामात आहे. दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या खाटकांकडे हे कुत्रे गुरं हाकायचे आणि मालाच्या गाड्या ओढायचे. १९१० मध्ये जर्मनीत त्यांना पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. गुरं हाकणारा कुत्रा लांबून भुंकत बसत नाही. तो जवळ जातो, छातीने रेटतो, जनावर हललं की थांबतो. दारातल्या पाहुण्याशी तो नेमकं हेच करतो: पुढे सरकतो, रेटतो, आणि माणूस मागे हटला की त्याचं काम फत्ते. पाहुणा घाबरून एक पाऊल मागे गेला की गुरं हाकण्याचा धडा पुरा झाला. म्हणूनच पुढच्या सगळ्या सरावात पाहुणा कुत्र्यासमोरून मागे हटेल अशी वेळ येऊ द्यायची नाही. हलवायचं ते कुत्र्याला, आणि तेही तो भडकायच्या आधी.

सरावाआधी दुखणं तपासा

सुधारलेला कुत्रा विनाकारण बिघडला तर पहिली शंका दुखण्याची घ्या. या जातीत खुब्याचे आणि कोपराचे आनुवंशिक सांध्यांचे विकार, मागच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं आणि हाडांचा कर्करोग हे सगळं इतर अनेक जातींपेक्षा जास्त आढळतं. रॉटवायलर दुखणं लपवतो. लंगडत नाही म्हणजे दुखत नाही, असं धरू नका.

घरच्या घरी चार गोष्टी बघता येतात. बसताना एक मागचा पाय बाजूला फेकून बसतो का? झोपेतून उठल्यावर पहिली आठ-दहा पावलं आखडलेली पडतात का? गाडीत किंवा पायरीवर चढायच्या आधी थबकतो का? उभा असताना वजन सतत एकाच पायावर घेतो का? शंका आली तर त्याला चालताना बाजूने आणि मागून, गुडघ्याच्या उंचीवर मोबाईल धरून, प्रत्येकी अर्धा मिनिट चित्रित करा आणि ते पशुवैद्याला दाखवा. दवाखान्यात ताणाखाली कुत्रा वेगळा चालतो, घरचा व्हिडिओ खरं सांगतो. कानाचा संसर्गही विसरू नका. लोंबत्या कानाखाली तो आत वाढत राहतो आणि पाहुण्याने डोक्यावर हात ठेवला की कुत्रा उसळतो.

थायरॉइड कमी पडल्याने काही कुत्र्यांची सहनशक्ती घटते. त्यासाठी नुसती टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक मोजणारी) चाचणी अपुरी आहे, कारण दुसऱ्या आजारात किंवा औषधांमुळेही तो आकडा खाली येतो. फ्री टी-४ आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) या दोन्ही चाचण्या सोबत करायला सांगा.

त्या दोन सेकंदांत काय दिसतं

लोक म्हणतात, "काहीच इशारा न देता अंगावर गेला." इशारा जवळजवळ नेहमी असतो, फक्त या जातीत तो आवाजाचा नसतो. बाहेर पाऊल वाजायच्या आधी कुत्रा तोंड उघडं ठेवून हलके धापत असतो. पाऊल वाजतं आणि तोंड मिटतं. सुरुवात एवढीच. मग कपाळावर बारीक घड्या पडतात. एरवी सपाट असलेलं या जातीचं कपाळ फक्त अति सावध क्षणीच आकसतं. पुढच्या पंजांवर वजन येऊन बोटं किंचित फाकतात. शेपटीचं टोक हलत असलं तरी तिचं बूड ताठ होतं. मान स्थिर राहून फक्त डोळे वळले तर कडेचा पांढरा भाग दिसतो. गुरगुर यानंतर येते, आणि कधीकधी येतच नाही.

तुमचं काम तोंड मिटतं त्या क्षणाला सुरू होतं. गुरगुरल्यावर हाक मारलीत तर उशीर झालेला असतो. ज्या घरात हे पहिलं चिन्ह ओळखायला शिकतात, तिथे निम्मं काम तिथेच होतं, हे अगदी मनापासून सांगावंसं वाटतं.

आणखी एक घोटाळा याच जातीत फार होतो. बरेच रॉटवायलर कुरवाळलं की घशातून खोल घरघर काढतात. ते सुखाचं असतं. नवखा पाहुणा घाबरतो, मालक ओरडतो, आणि कुत्रा शिकतो की माणूस जवळ आला की आपल्याला ओरडा बसतो. दोन्हींतला फरक अंगावरून कळतो. सुखाच्या घरघरीत अंग सैल, डोळे अर्धे मिटलेले, वजन तुमच्या मांडीवर टाकलेलं. इशाऱ्याच्या गुरगुरीत श्वास रोखलेला आणि अंग लाकडासारखं. शंका असेल तर हात थांबवा आणि काढून घ्या. नाकाने हात पुन्हा ओढू लागला तर ते सुखाचं. निश्चल राहिला तर तुम्ही हात काढलात हे उत्तम केलंत.

गुरगुरल्याबद्दल शिक्षा करू नका, कधीही. शिक्षेने गुरगुर थांबते पण भीती तशीच राहते, आणि तुमच्या हातातला शेवटचा इशारा निघून जातो. न गुरगुरता चावणारे कुत्रे बहुतांशी असेच तयार केलेले असतात.

सामान

मझल, म्हणजे तोंडावर घालायचं मुसकं, टोपलीसारखं हवं. जबडा बंद धरणारं कापडी नळीचं मझल दवाखान्यातल्या चार-पाच मिनिटांपलीकडे वापरू नये, कारण त्यात कुत्र्याला धापता येत नाही आणि जड अंगाचा हा कुत्रा लवकर तापतो. माप घेताना नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या साधारण २ सेंमी अलीकडपर्यंत लांबी मोजा. घेर मोजताना तोंड धापताना उघडतं तितकं उघडं असताना मोजा. इथेच बहुतेकांचं चुकतं. मिटलेल्या तोंडाचं माप घेऊन घट्ट टोपली घेतली जाते. बसवल्यावर नाकापुढे सुमारे १ सेंमी मोकळी जागा राहावी, त्याला पाणी पिता यावं आणि जाळीतून खाऊ घेता यावा. सवय लावायला दोन ते तीन आठवडे द्या. पहिले तीन-चार दिवस टोपलीत आतून मऊ खाऊ चोपडून नुसतं नाक घालू द्यायचं, मग १० सेकंद, मग बंद एका बाजूने लावून लगेच सोडायचा, मग चालत असताना. पंजाने ओरबाडू लागला तर एक पायरी मागे या.

छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) घ्या, पुढे आणि पाठीवर दोन्हीकडे कडी असलेला. दोरी १.८ ते २ मीटर, साधी पट्टीची. लांब-आखूड होणारी दोरी या कामाला अजिबात नको, तिचा झटका बसतो आणि ऐनवेळी कुलूप निसटतं. हार्नेस आणि गळपट्टा यांना जोडणारा एक छोटा दुवा लावा म्हणजे एक तुटलं तरी दुसरं धरतं.

आतल्या दारात लावायचं फाटक स्क्रूने भिंतीत बसवलेलं, किमान १ मीटर उंच. नुसत्या दाबावर अडकणारी फाटकं लहान मुलांसाठी असतात, रॉटवायलरच्या छातीचा एक धक्का त्यांना पुरतो.

काटेरी आणि विजेचे पट्टे का नकोत? त्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. पाहुणा दिसला की मान टोचते. दहा वेळा झालं की टोचणं आणि पाहुणा एकच. तो जास्त शांत दिसेल, पण पाहुण्याबद्दलचं त्याचं मत आणखी वाईट झालेलं असेल. पट्टा नसलेल्या दिवशी ते मत दिसतं.

सराव, पायरी पायरीने

सगळीकडे एकच नियम: १० पैकी ८ वेळा सैल अंगाने जमलं तर पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकलं तर मागची. एक सत्र ५ मिनिटांचं, दिवसात दोन. खाऊ वाटाण्याएवढा, रोज न मिळणारा, उदाहरणार्थ उकडलेलं बिनमिठाचं चिकन. तेवढं रोजच्या जेवणातून वजा करा, जादा वजन सांध्यांवर येतं.

पहिली पायरी नुसत्या बेलची. मोबाईलवर तुमच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करा, अगदी हळू वाजवा, एक सेकंद थांबा, खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा: आधी बेल, मग खाऊ. खाऊची पिशवी आधी वाजली तर कुत्रा बेलशी काहीच जोडत नाही, उलट पिशवी वाजली की कुणीतरी येणार असं शिकतो. बेल ऐकून तो दाराऐवजी तुमच्या तोंडाकडे बघू लागला की आवाज वाढवा. मग खरी बेल, घरातल्याच माणसाने वाजवलेली. बऱ्याच कुत्र्यांना इथवर यायला आठवडा लागतो. टकटक हा वेगळा आवाज आहे, तो वेगळा शिकवा.

दुसरी पायरी जागेची. दारापासून किमान ३ मीटर लांब, दार थेट दिसणार नाही अशा ठिकाणी जाड सतरंजी किंवा गादी टाका, तो आडवा पसरू शकेल एवढी मोठी. दिवसातल्या शांत वेळी तिथे बसणं ५ सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंत न्या. ते पक्कं झालं की बेल आणि जागा एकत्र करा. हुकूम ओरडून देऊ नका. बेल हाच हुकूम बनवायचा आहे: बेल वाजली, तो जागेवर गेला, तिथे खाऊ पडला.

तिसऱ्या पायरीत माणूस येतो, आणि तो घरात यायच्या आधी बाहेर भेटला पाहिजे. कुत्रा न घाबरणारा एक मदतनीस निवडा. मोकळ्या जागी १०-१५ मीटर अंतर ठेवून दोघांनी एकाच दिशेने चालायचं, समोरासमोर यायचं नाही. कुत्रा जमिनीचा वास घेऊ लागला, सैल चालू लागला की अंतर एक-दोन मीटरने कमी करा. मदतनिसाने त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. २० मिनिटं अशी चाल झाली की घराकडे वळा.

आता मुख्य गोष्ट. मदतनीस आधी आत जाऊन खुर्चीत बसतो. कुत्रा पाच मिनिटांनी, हार्नेस, दोरी आणि (फाटकाआड नसेल तर) मझलसह, मागून आत येतो. उंबरठ्यावर उभं राहून आत येणारा माणूस आणि खोलीत आधीच बसलेला माणूस यांत कुत्र्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. पहिला हद्दीत शिरतो, दुसरा आधीपासून तिथला असतो. एवढा क्रम बदलल्यावर अनेक घरांतला निम्मा गोंधळ पहिल्याच भेटीत मिटतो.

पाहुण्याने हातातून खाऊ देऊ नये. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. खाऊच्या ओढीने कुत्रा त्याला सोसवेल त्यापेक्षा जवळ येतो, खाऊ संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या हाताखाली उभे आहोत. चावे याच क्षणाला बसतात. पाहुण्याने खाऊ कुत्र्याच्या मागे, दीड-दोन मीटर लांब टाकावा. कुत्रा मागे जातो, खातो, वळून पुन्हा बघतो. जवळ यायचं की नाही हे तो ठरवतो. मझल घातलेलं असताना जमिनीवरचा खाऊ उचलणं अवघड जातं, म्हणून सुरुवातीच्या भेटी फाटकाआड, मझलशिवाय घ्या. फाटक काढलं की मझल, आणि खाऊ तुम्ही जाळीतून द्या.

भेट ५ ते ७ मिनिटांत, सगळं छान चाललेलं असतानाच संपवा आणि कुत्र्याला आत नेऊन चघळायला द्या. "आज इतका छान राहिलाय, अजून थोडा वेळ ठेवू" या वाक्याने खूप कष्ट वाया गेले आहेत.

आणि उठणं. बसलेल्या पाहुण्याशी तासभर शांत राहिलेला कुत्रा तो पाहुणा उठला की अंगावर जातो, ही तक्रार इतकी नित्याची आहे की उठण्याचा सराव वेगळाच करावा लागतो. आधी पाहुणा खुर्चीत १० सेंमी पुढे सरकतो, खाऊ. मग अर्धा उठून बसतो, खाऊ. मग उभा, मग एक पाऊल, मग दाराकडे. खऱ्या भेटीत पाहुण्याने "मी उठतोय" असं आधी बोलायचं, तुम्ही कुत्र्याला जवळ घ्यायचं किंवा आत न्यायचं, आणि मगच त्याने उठायचं. स्वच्छतागृहाकडे जाणारा पाहुणाही यातच आला.

असे किमान पाच-सहा वेगवेगळे मदतनीस, प्रत्येकाच्या दोन-तीन भेटी, एवढं झाल्याशिवाय कुत्रा "पाहुणे" ही गोष्ट शिकला असं मानू नका. तोवर तो फक्त ती दोन-तीन माणसं शिकलेला असतो.

तरीही पुन्हा घसरला तर

खाऊ घेतच नाही: अंतर कमी पडतंय. खाऊ बदलू नका, लांब जा. खाऊ घेतो पण दात लावून, ओरबाडून घेतो, तर तो काठावर आहे. तिथूनही दोन-तीन मीटर मागे या.

एकाच्या हातात दोरी असताना शांत, दुसऱ्याच्या हातात असताना भडकतो: दुसरा माणूस बेल वाजताच दोरी आवळतो. आवळलेली दोरी हीच त्याला धोक्याची खूण. दोरीला जमिनीकडे हसऱ्या ओठांसारखा झोल राहील इतकी सैल धरायची, आणि जोर लागेल अशी भीती असेल तर तिचं दुसरं टोक भिंतीतल्या पक्क्या कडीला अडकवून हात मोकळे ठेवायचे.

बायकांशी ठीक, पण हेल्मेटवाल्याशी किंवा काठी टेकणाऱ्याशी नाही: हे हट्टीपणाचं नाही. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात जे पाहिलं नाही ते नंतर परकं राहतं. घरातल्याच माणसाने कुत्र्यासमोर हेल्मेट घालावं, काढावं, पुन्हा घालावं, प्रत्येक वेळी खाऊ. मग बाहेरचा माणूस.

आठवडा छान आणि शनिवारी सगळं कोसळलं: त्या आठवड्यातल्या बाकीच्या गोष्टी लिहून काढा. सोमवारी दवाखान्यात इंजेक्शन, बुधवारी शेजारी ड्रिल मशीन, गुरुवारी रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्याशी भांडण. यातलं एकेक त्याने सोसलं असतं. भडकल्यानंतर शरीरातला ताण एका रात्रीत उतरतोच असं नाही, आणि त्यावर दुसरा चढला की शनिवारचा बिचारा पाहुणा शेवटचा थेंब ठरतो. मोठ्या प्रसंगानंतर दोन-तीन दिवस पाहुणे बंद, सराव बंद, नुसतं शांत फिरणं आणि भरपूर वास घेऊ देणं.

दोन कुत्रे असतील: एकाला आत ठेवून दुसऱ्याचा सराव करा. दोघं एकत्र असताना एक भुंकला की दुसरा कारण न बघता सामील होतो.

सरावात कुठेच चूक नाही आणि तरी घसरण: पुन्हा दुखण्याकडे वळा.

राखणीचं काय?

अनेकांना मनातून भीती असते की हे सगळं केलं तर कुत्रा राखण करणार नाही. म्हणून घरातलंच कुणीतरी बेल वाजली की "शाब्बास, कोण आलं बघ" असं म्हणून त्याला चेतवतं, आणि दुसरं माणूस त्याच वागण्यासाठी ओरडतं. यात कुत्र्याची परवड होते. जातीचं अधिकृत वर्णन शांत, मायाळू आणि खंबीर स्वभाव मागतं. खांद्याशी ६१ ते ६८ सेंमी उंच, सुमारे ५० किलोचा काळा नर दारामागे नुसता उभा आहे हेच पुरेसं असतं. दोन-तीन वेळा भुंकू द्या, मग सगळ्यांनी ठरवलेला एकच शब्द, समजा "बस झालं", आणि जागेवर खाऊ. भुंकणं त्याचं, पुढचा निर्णय तुमचा.

साखळीने फाटकापाशी बांधू नका. पळून जाता येत नाही आणि पुढेही जाता येत नाही, अशा अवस्थेत दिवस काढणारा कुत्रा जास्त भडकू होतो. उताणं पाडून दाबणं, थोबाडात मारणं, डोळ्यांत डोळे घालून दम देणं यांनीही तेच होतं. एवढ्या ताकदीच्या जनावराशी ताकदीची स्पर्धा लावणं घरातल्या सगळ्यांसाठी धोक्याचं आहे.

खच्चीकरणाने हा प्रश्न सुटेल अशी आशा ठेवू नका. भटकणं, लघवीने खुणा करणं यांवर त्याचा परिणाम होतो. अनोळखी माणसाची भीती त्याने जात नाही. शिवाय २००२ मध्ये रॉटवायलरवरच झालेल्या एका अभ्यासात वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत खच्चीकरण केलेल्या कुत्र्यांत हाडांच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं होतं. घाई करण्याआधी पशुवैद्याशी हे बोलून घ्या.

औषध आणि थांबण्याची वेळ

तीन महिने नीट सराव करूनही कुत्रा बेलच्या आवाजाने थरथरतो, खात नाही, किंवा भडकल्यावर तासभर खाली उतरत नाही, तर औषधाचा विचार करायला हरकत नाही. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते सरावाच्या जोडीला असतं, सरावाऐवजी नव्हे. नुसतं सुस्त करणारं ॲसेप्रोमाझिन या कामासाठी एकटं देऊ नये, त्याने अंग ढिलं पडतं पण भीती आत तशीच राहते. डोस आणि निवड पशुवैद्याची.

घरात रांगतं मूल असेल आणि कुत्रा त्याच्या हालचालीवर ताठ होत असेल, तर दोघांमध्ये कायमचं फाटक आणि प्रत्येक क्षणी एक मोठं माणूस, यात तडजोड नाही. तेवढं शक्य नसेल तर अनुभवी घर शोधून देणं हा कुत्र्यावरही अन्याय नाही.

बहुतेक घरांत तीन ते सहा महिन्यांत पाहुणे बसू शकतात. त्यानंतरही आठवड्यातून एकदा घरातल्याच माणसाने बेल वाजवावी आणि कुत्र्याने जागेवर जाऊन खाऊ खावा, एवढं कायम चालू ठेवा. दारामागे एक वही टांगा. तारीख, कोण आलं, तोंड किती अंतरावर मिटलं, किती सेकंदांत पुन्हा उघडलं, या चार गोष्टी लिहा. अंतर वाढू लागलं, ३ मीटरचं ५ झालं, की त्याच दिवशी फाटक पुन्हा लावा आणि दुसऱ्या पायरीवर या.